टेलर म्हणजे कापणारा

मला कोणी "तुम्ही शिवणकाम करता ना?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणारा बिचारा कौतुकानेच विचारत असतो, हे कळतं मला. तरी मी लगेच सांगते, मी टेलर आहे. मग तो म्हणतो, "तेच ते." तेच ते नाही. या दोन्हींतला फरक मला घरात भांडून मिळवावा लागला, त्यामुळे तो मी कोणाला फुकट सोडून देत नाही.

चामोर्शीला बाजाराच्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. पुढे टिनाच्या छपराचं दुकान, मध्ये पडदा, मागे घर. दुकानावर लाल रंगात 'लेडीज टेलर' असं लिहिलेलं. लेडीज म्हणजे गिऱ्हाईक आणि टेलर म्हणजे आमचे अब्बा. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी बारावी होऊन गावातल्याच कॉलेजात बी.ए.ला जायला लागले होते. सकाळी कॉलेज, आणि दुपारपासून मशीन. अम्मी पडद्याच्या आत बसून तुरपई करायची, हूक लावायची, काज करायची. अब्बा कापायचे.

कापणं हे आमच्या घरात निराळंच काम होतं. कैची अब्बांची. काळी, जड, ते नागपूरला उस्तादाकडे शिकत होते तेव्हा घेतलेली. ती अम्मीने कधी उचलली नाही आणि मला लहानपणापासून तिच्याकडे बघायचीसुद्धा चोरी. "बाईनं कैची चालवली का घर कापल्या जाते," असं अब्बा म्हणायचे. मी एकदा विचारलं, मग अम्मी रोज भाजी चिरते तेव्हा काय कापल्या जाते? त्यावर त्यांनी मला बाहेरचा ओटा झाडायला पाठवलं. आमच्याकडे उत्तर नसलं की ओटा झाडायला लावायची पद्धत होती, आणि माझ्यामुळे आमचा ओटा फार स्वच्छ असायचा.

खरं तर आमची गिऱ्हाइकं कोण होती? आजूबाजूच्या गावांतल्या धान पिकवणाऱ्या घरांच्या बाया. दिवाळीच्या आगेमागे हातात विळा घेऊन, कमरेत वाकून, धानाची बांधीमागून बांधी कापून काढणाऱ्या. त्या कापत तेव्हा कोणाचं घर कापलं जात नव्हतं, उलट भरत होतं. पण त्याच बायांच्या वीतभर कापडाला कैची मात्र पुरुषानेच लावायची. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

अब्बा वाईट माणूस नव्हते, उलट फार अदबीचे. बाईमाणसाच्या अंगाला त्यांनी कधी टेप लावला नाही, नजर वर करून पाहिलंही नाही. त्यासाठी गावात त्यांना मान होता आणि बाया आमच्याकडे निर्धास्त यायच्या. येताना जुना ब्लाउज आणायच्या. त्याला आम्ही 'मापाचं' म्हणायचो. अब्बा ते मापाचं टेबलावर पसरायचे, नवं कापड दुहेरी घडी करून त्याच्याखाली घालायचे, खडूने रेघ ओढायचे आणि कापायचे. कापड दुहेरी असलं की एकाच फटक्यात दोन्ही बाजू निघतात, अगदी सारख्या.

यात एक गंमत होती. मापाच्या ब्लाउजात चूक असली की ती चूकही इमानेइतबारे नव्या ब्लाउजात उतरायची, आणि पुढल्या साली तो नवाच मापाला यायचा. आमच्या मागच्या मोहल्ल्यात एका सासूबाईंच्या ब्लाउजचा गळा अब्बांच्या हातून कधीतरी रुंद गेला होता. तोच थोरल्या सुनेने मापाला आणला, थोरलीचा धाकटीने, आणि धाकटीचा तिच्या माहेरी पोचला. काही वर्षांत त्या घरातल्या सगळ्या बाया बोलता बोलता खांद्यावरून ब्लाउज वर ओढायला लागल्या. लोकांना वाटायचं, ती त्या घराण्याची लकबच. मी अब्बांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मापाप्रमाणं हाय." हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

कॉलेजात इंग्रजी सक्तीचं होतं. एकदा सरांनी सांगितलं, रोज कानावर पडणारा एक इंग्रजी शब्द घ्या आणि तो कुठून आला ते शोधून आणा. वर्गातल्या बहुतेकांनी 'स्कूल' घेतला, कारण त्याचं उत्तर गाइडात होतं. मी आमच्या बोर्डावरचा घेतला. ग्रंथालयात एक जाडजूड डिक्शनरी होती, ती घरी मिळत नसे, तिथेच उभ्याने पाहावी लागे. मी उभ्याने पाहिली आणि पाहतच राहिले.

टेलर हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. तो त्यांच्याकडे फ्रेंच बोलणाऱ्या राज्यकर्त्यांबरोबर आला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सरळ होता, कापणारा. आधी नुसताच कापणारा, मग कपडे कापणारा. त्याच्याही मागे गेलं की लॅटिन लागतं, आणि तिथे 'तालेआ' नावाचा एक शब्द बसलेला आहे. तालेआ म्हणजे कापून घेतलेली काडी, मातीत खोचली की फुटावी अशी डहाळी. आपण शेजारणीकडून जास्वंदीची काडी आणतो, तशी. 'रिटेल' त्याच घरातला, म्हणजे मोठ्या मालातून तुकडा कापून विकणं. 'डिटेल'ही त्यातलाच, बारीक तुकडे करून सांगणं. सगळं खानदान कापणाऱ्यांचं. त्यात सुई नव्हती, दोरा नव्हता, मशीन तर नव्हतीच नव्हती.

मला आमचा स्वतःचा शब्दही पाहावासा वाटला. घरात आम्ही स्वतःला दर्जी म्हणत असू. मौलवीसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, फारसीत 'दर्ज' म्हणजे शिवण, कापडाचा सांधा. म्हणजे दर्जी शिवणारा. मी घरी आले ती हवेतच.

आता एक सांगून ठेवते. घरात आम्ही हिंदी बोलायचो आणि दुकानात मराठी. भांडणं सगळी दुकानात व्हायची, त्यामुळे आमच्या भांडणाची भाषा मराठी होती. त्या दिवशीही दुकानात दोन-तीन बाया बसलेल्या होत्या.

"अब्बा, आपण दर्जी का टेलर?" मी विचारलं.

"एकच हाय."

"एक नाई. दर्जी शिवते अन् टेलर कापते. डिक्शनरीत लिवलं हाय. म्हणजे तुमी एकटेच टेलर, मी अन् अम्मी दर्जी. मंग बोर्डावर दोन्ही लिवा."

अब्बांनी कैची थांबवली नाही. "त्या डिक्शनरीले म्हणा, एक ब्लाउज कापून दाखव," ते म्हणाले.

बाया हसल्या. पडद्याआड अम्मीही हसली असावी. माझा चेहरा पडला, कारण उत्तर बिनतोड होतं. मी तोवर कापड कापलंच नव्हतं. घरात जुन्या वर्तमानपत्रांवर मी दोरे तोडायच्या छोट्या कातरीने गळे, मुंढे, बाह्या कापून पाहायचे. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ती गोलाई, आणि सगळा ब्लाउज त्या गोलाईवर उभा असतो. माझ्या उशीखाली कागदी मुंढ्यांचा ढीग होता. पण कागद अंगात घालून कोणी बाजाराला जात नाही. शब्दाचा अर्थ माझ्या बाजूने होता, कैची त्यांच्या बाजूला. शब्दाने कोणी हलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याचा फार राग आला.

त्या हिवाळ्याच्या शेवटी, शिवरात्रीच्या आधी, ती बाई आली. वैनगंगेकडच्या एका खेड्यातली, आमच्या अम्मीच्या वयाची. शिवरात्रीला नदीकाठी मार्कंड्याची जत्रा भरते, तिच्याआधी दरवर्षी ती एक ब्लाउज शिवायला टाकायची. उंच, मोठ्या आवाजाची. एरवी दुकानात आली की आधी पाणी मागायची आणि मग भाव पाडून मागायची. या खेपेला तिने काहीच मागितलं नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतलेला. मापाचं ठेवलं, कापड ठेवलं आणि गेली.

अब्बांनी ब्लाउज कापला, मी शिवला. ती घेऊन गेली आणि पुढच्या बाजाराला परत घेऊन आली.

"भाऊ, बराबर बसून नाई राह्यलं."

अब्बांनी नवा ब्लाउज मापाच्यावर पसरून दाखवला. काठाला काठ लागत होता. "पाहा बाई. मापाप्रमाणं हाय."

अब्बांनी दोन शिवणी उसवून पुन्हा घातल्या, ती घेऊन गेली, आणि पुन्हा घेऊन आली. आता अब्बा चिडले. त्यांच्या हाताला कोणी नाव ठेवत नसे. "मापाचं तुमचंच हाय ना बाई? का जावेचं उचलून आणलं?"

बाकावरच्या बाया हसल्या. ही हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मशीनवरून उठले, तिला म्हटलं, "या अंदर," आणि पडद्याआड घेऊन गेले.

आत तिने पदर काढला. तिला नागपूरला नेलं होतं. छातीत गाठ होती, ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढली होती. जुन्या ब्लाउजची डावी बाजू तिच्या अंगावर पिशवीसारखी लोंबत होती, आणि अब्बांनी त्याच पिशवीच्या मापाने नवी कापली होती.

"भाऊले कसं सांगू?" ती म्हणाली. "तूबी नोको सांगू. त्यायची नजर कवा वर होत नाई, अन् मी त्यायले हे सांगू?"

अम्मीने सुई खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईला ते आवडलं नाही. "रडाचं काई नाई. जित्ती हावो मी. जत्रेले जातो दरसाल, नदीत आंग धुतो दरसाल. औंदा घरचे म्हणते, घरीच बादलीभर पाणी घे, चार बायांत कुठी जातं. काऊन? मी काई चोरी केली का?"

अम्मी म्हणाली, त्या बाजूला कापडाची घडी घालून भरून घेऊ, दिसणार नाही. बाई म्हणाली, "भरू नोको. वल्लं झालं का जड होते, लोंबते. अन् खोटं काऊन लावू? हाय तसं कर."

हाय तसं कर. माझ्या आयुष्यात मला कोणी दिलेली ती पहिली ऑर्डर.

मी टेप घेतला. तिने सांगितलं, तिच्या अंगाला आजवर कोणी टेप लावलाच नव्हता. उजवी बाजू वेगळी मोजली, डावी वेगळी. डावीकडे काखेपासून टाक्यांचा व्रण होता, अजून लालसर. तिथे कापड घासून कातडी सोलवटली होती. त्या मुंढ्याला जास्त जागा द्यावी लागणार, हे बोटांना कळत होतं. आणि मला एक गोष्ट लख्ख दिसली. या अंगासाठी कापड दुहेरी करताच येणार नव्हतं. डावं वेगळं कापायचं, उजवं वेगळं. मी वर्तमानपत्रावर दोन निरनिराळे आकार कापले आणि तिच्या अंगावर धरून पाहिले. ती मान खाली घालून बघत होती. "हां," ती म्हणाली. "हे माहं हाय."

तिच्याकडे आता एकच कापड होतं, त्याच दिवशी बाजारातून घेतलेलं, हिरवं. जत्रा तोंडावर आलेली. कापायला चुकलं तर तिला पदर लपेटून घरी बसावं लागणार होतं, आणि मला जन्मभर मशीनवर.

मी बाहेर आले आणि अब्बांना म्हटलं, हा ब्लाउज मी कापते.

"माप घेतलं ना? ठीक केलं. दे इकडं, मी कापतो."

"माप नाई देत."

"काऊन?"

"बाईचं माप हाय. बाईपाशी राहते."

अब्बांना वाटलं, मी डिक्शनरीचं भांडण उकरून काढते आहे. त्यांचा आवाज चढला. "पोरी, कागद कापनं अलग अन् कापड कापनं अलग. कागद चुकला का दुसरा घेता येते. गिऱ्हाइकाचं कापड हाय ते. कापल्यावर जुडत नाई."

"मले माहीत हाय."

"मंग माप सांग."

मी सांगितलं असतं तर सगळं सोपं होतं. अब्बांना वाईट वाटलं असतं, त्यांनी मान खाली घालून तो ब्लाउज नीट कापूनही दिला असता, माझ्यापेक्षा चांगला. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तिने सांगू नको म्हटलं होतं. तेवढं एकच कारण नव्हतं, हेही कबूल करते. मला ती कैची हवी होती.

आमच्या धंद्यात कैची एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. दोघांत भांडण लागतं म्हणतात. एकाने ती खाली ठेवायची आणि मग दुसऱ्याने उचलायची. अब्बा हा नेम नमाजासारखा पाळायचे. त्या वेळी त्यांनी दोन्ही हात हलवून मला समजावायला म्हणून कैची टेबलावर ठेवली, आणि मी ती उचलली.

अब्बांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. हिसकावून घेतली असती तर हातातून हातात गेली असती. त्यांनी तो हात तसाच हवेत धरला.

"ठेव खाली."

"ठेवीन. कापून झाल्यावर."

मी हिरवं कापड पसरलं. एकेरी. अब्बा म्हणाले, "कापड डबल कर." मी केलं नाही. "डबल कर म्हणतो, दोन्ही बाजू उन्नीस-बीस होईल." मी खडूने रेघ ओढली. कैची माझ्या कल्पनेपेक्षा जड होती. पहिल्या घासाला कापड तिरपं सरकलं, तेव्हा कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी कापड दाबून धरलं आणि कापत गेले. उजवं झालं, मग डावं. डाव्याचा मुंढा मी रेघेच्याही आत खोल नेला, तेव्हा अब्बांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. सगळं कापून झालं आणि मी कैची टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, फडक्याने पुसली आणि खणात ठेवून दिली. शिवायला घेतलं तेव्हा माझ्या अंगठ्याला फोड आलेला होता. बाजार उठायच्या आत ती ब्लाउज घेऊन गेली, घालून पाहायला वेळ नव्हता.

त्यानंतर अब्बा माझ्याशी बोलेनासे झाले. जेवताना अम्मीकरवी मीठ मागायचे. शिवरात्र आली, अख्खा रस्ता मार्कंड्याकडे चालला. बैलगाड्या, जीपा, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया. मी मशीनवर बसून प्रत्येक हिरवा ब्लाउज न्याहाळत होते. ती काही दिसली नाही. वाटलं, बसला नसेल. वाटलं, घरच्यांनी अडवलं असेल. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वाटलं, अब्बांचं खरं होतं.

जत्रेनंतरच्या बाजाराला ती आली. दुकान भरलेलं होतं. तिने आधी पाणी मागितलं.

"भाऊ, जत्रा झाली," ती त्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणाली. "आंगबी धुतलं."

"बरं झालं बाई," अब्बा टेबलाकडे पाहत म्हणाले.

"इकडं पाहा ना भाऊ."

तिने पदर लपेटलेला नव्हता. धानाच्या रोवणीला निघालेली बाई खोचते तसा कमरेला खोचला होता. अब्बांची नजर सवयीने खालीच होती. पण ते टेलर होते, आणि समोर ब्लाउज होता. त्यांनी वर पाहिलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग त्यांनी आपल्याच टेबलाकडे, दुहेरी घडी घातलेल्या कापडाकडे पाहिलं. एकेरी काऊन कापलं, ते त्यांना आता कळलं होतं.

बाकावरच्या बायांनाही कळलं. कोणी हसलं नाही.

"नदीवर समद्या पाहत होत्या," ती म्हणाली. "म्या म्हटलं, पाहा. पाहून पाहून थकल्या अन् आपआपलं आंग धुवाले लागल्या."

अब्बा म्हणाले, "डावा मुंढा जरा खोल गेला."

मला संताप आला. एवढं होऊन हा माणूस मुंढ्यात खोट काढतो! पण मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"तिथी कापड घासत होतं भाऊ. पोरीनं बराबर नेलं."

अब्बांनी पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. "हां," ते म्हणाले. "बराबर नेलं."

बाकावरची एक बाई उठली. हातातलं मापाचं तिने परत पिशवीत कोंबलं आणि नुसतं नवं कापड टेबलावर ठेवलं. "मलेबी असंच पायजे. आंगावर माप घेऊन." तिच्यामागून दुसरी म्हणाली, मलाही.

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी ते माझ्याबद्दल नीट बोलले, आणि प्रेमाने बोलले. "पोरगी घेईल माप," ते त्या बाईला म्हणाले. "शिवूनबी तेच देईल. कापून मी देतो." त्यांना वाटलं, त्यांनी मला खूप मोठं काहीतरी दिलं.

मोह झाला मला. अब्बा निवळले होते, बाया खूष होत्या, अम्मी पडदा बाजूला सारून बघत होती. मान डोलावली असती तर घरात गोडीगुलाबी झाली असती आणि टेप कायमचा माझा, कैची कायमची त्यांची.

"माप मी घेईन," मी म्हटलं, "अन् कापीनबी मीच. शिवा तुमी."

अब्बांनी खण उघडला, कैची काढून टेबलावर ठेवली, टेबलाजवळचं आपलं स्टूल उचललं आणि मशीनपुढे नेऊन त्यावर बसले.